दहाच किलोमीटर जास्त!



गेल्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयासमोरच्या रस्त्यावर एक अपघात झाला. अकरावीत नुकतीच दाखल झालेली एक मुलगी बसमधून उतरून रस्ता ओलांडत होती. थांबलेल्या बसच्या आडून ती पुढे आली आणि तिला मोटारीची धडक बसली. जिवावरचे पायावर निभावले. मांडीचे हाड मोडले. मोटार चालवणारे गृहस्थ पळून गेले नाहीत, त्यांनीच तिला रुग्णालयात पोहोचवले. पण जमलेल्या लोकांना ते पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "मी काही भरधाव नव्हतो हो. चाळीसच्या जागी पन्नास असेल. दहाच किलोमीटर जास्त!"

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगी कुबडी घेऊन वर्गात आली. त्या दिवशी नेमका गतिज ऊर्जेचा धडा चालू होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, दहा किलोमीटरने खरेच एवढा फरक पडतो का?" प्रश्न रास्त होता. धडा बाजूला ठेवून आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. तोच आता तुमच्यापुढे मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन बसा. नववीचे गणित येत असेल तर पुरे.

प्रथम वेग मीटर-सेकंदांत आणू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर आणि ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. समोर कोणी आलेले दिसले की पाय लगेच ब्रेकवर पडत नाही. डोळ्यांनी पाहायचे, मेंदूने ओळखायचे, पायाला हुकूम द्यायचा, यात वेळ जातो. सावध चालकासाठी तो एक सेकंद धरू. या एका सेकंदात गाडी आपल्या पूर्ण वेगाने पुढेच जात असते, हे विसरू नका.

मग ब्रेक लागतात. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील, तर गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण सेकंदाला ७ मीटर इतका कमी होतो. थांबेपर्यंतचे अंतर काढायचे सूत्र तुम्हाला पाठ असेल. वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला त्वरणाच्या दुपटीने, म्हणजे येथे १४ ने, भागायचे.

चाळीसवाली गाडी विचाराच्या सेकंदात ११.१ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर ८.८ मीटर. एकूण १९.९ मीटर. पन्नासवाली विचारात १३.९ आणि ब्रेकखाली १३.८, एकूण २७.७ मीटर.

आता समजा, मुलगी बरोबर २० मीटरवर दिसली. चाळीसवाली गाडी तिच्या चार बोटे अलीकडे येऊन उभी राहते. मुलगी दचकते, चालक दोन शब्द सुनावतो, ती घरी जाते. पन्नासवाल्या गाडीला ब्रेक लागेपर्यंत मधले फक्त ६.१ मीटर उरलेले असतात. तेवढ्या अंतरात तिचा वेग किती कमी होईल? वेगाच्या वर्गातून, म्हणजे १९२.९ मधून, १४ × ६.१ वजा करा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते सेकंदाला सुमारे १०.४ मीटर, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर!

हे उत्तर नीट पाहा. सुरुवातीला दोन गाड्यांच्या वेगात फरक होता दहाचा. जेथे पहिली गाडी उभी राहिली, तेथे दुसरी ताशी ३७ किलोमीटरने आदळते. फळ्यावर हा आकडा आला तेव्हा मुलांना वाटले, सरांचे काहीतरी चुकले. दोघांनी पुन्हा गणित केले. चुकले नव्हते. सारी करामत त्या 'वर्गा'ची आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ती संपवायला लागणारे अंतरही वर्गानेच वाढते.

ताशी ३७ किलोमीटर म्हणजे नक्की काय, हे अंगाला कळावे म्हणून एक युक्ती सांगतो. इतका वेग येण्यासाठी एखादी वस्तू किती उंचीवरून पडली पाहिजे ते काढा. वेगाचा वर्ग भागिले १९.६. उत्तर साडेपाच मीटर, म्हणजे जवळजवळ दोन मजल्यांची उंची. ताशी ५० साठी हीच उंची १० मीटरच्या आसपास येते आणि ताशी ३० साठी साडेतीन. जमिनीवर पडणे आणि मोटारीची धडक यांत फरक आहे, मोटारीचा पत्रा थोडा दबतो वगैरे. पण कोणत्या दर्जाचा मार बसतो याची कल्पना यावी एवढ्यापुरती तुलना ठीक आहे.

एवढ्यात कोणीतरी म्हणाले, "पण सर, तेव्हा पाऊस पडत होता." खरेच की! तो जून होता. ओल्या रस्त्यावर टायरची पकड निम्मी धरू, म्हणजे १४ च्या जागी ७ ने भागायचे. आता चाळीसवाल्या गाडीला थांबायला २८.७ मीटर लागतात, पन्नासवालीला ४१.५. म्हणजे त्या दिवशी ते गृहस्थ चाळीसने आले असते तरी धडक बसलीच असती. पन्नासला ती ताशी ४४ ची आणि चाळीसला ताशी २८ ची. मग कोणत्या वेगाची गाडी पावसातही २० मीटरच्या आत थांबली असती? ताशी ३० ची! तिचे ८.३ अधिक ९.९, एकूण १८.२ मीटर होतात.

जगातल्या पुष्कळ शहरांनी वस्तीतल्या आणि शाळेजवळच्या रस्त्यांसाठी ताशी ३० हा आकडा का निवडला, हे यावरून तुमच्या लक्षात येईल. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहराने मुख्य रस्ते सोडून बाकी सर्वत्र ही मर्यादा १९९२ मध्येच घातली. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये असे ठरवले, की रस्त्यावर एकही माणूस मरू नये किंवा कायमचा जायबंदी होऊ नये हेच ध्येय ठेवायचे आणि माणसाचे शरीर किती मार सोसू शकते हे पाहून वेग ठरवायचा. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२,८२५ जण पायी चालणारे होते.

आता त्याच ऊर्जेकडे दुसऱ्या बाजूने पाहू. हजार किलोग्रॅम वस्तुमानाची लहान मोटार ताशी ५० ने चालली असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ९६,००० ज्यूल असते. ही आली कोठून? अर्थातच पेट्रोलमधून. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा मिळते. पण शहरातल्या रहदारीत इंजिन त्यातला पाचवा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवते. बाकीची उष्णता बनून वाया जाते. म्हणजे ९६,००० ज्यूलसाठी सुमारे १५ मिलिलिटर पेट्रोल, चहाचे तीन चमचे. पुढे लाल दिवा लागला की चालक ब्रेक दाबतो आणि हे तीन चमचे ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात खर्च होतात. दिवा हिरवा झाला की पुन्हा तीन चमचे. ताशी ३० पर्यंतच वेग नेला तर एका चमच्याहून थोडेसे जास्त लागते. पुन्हा तोच वर्ग!

शिवाय हे पेट्रोल मुख्यतः लोखंड हलवण्यात जाते. मोटारीत ६० किलोचा एकच माणूस बसला असेल, तर त्या १५ मिलिलिटरमधले एक मिलिलिटरही त्याच्या वाट्याला येत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ऐकायला विचित्र वाटते, कारण लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच असते. बाकीचे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे. हाच वायू वातावरणाला पांघरुणासारखा उबवतो आहे, हे तुम्ही भूगोलात शिकला आहातच.

तुमच्यापैकी एखादा हुशार वाचक येथे मला पकडील. मोकळ्या रस्त्यावर न थांबता ताशी ५० ने जाणारी मोटार ताशी ३० वाल्या मोटारीपेक्षा दर किलोमीटरला जास्त पेट्रोल पिते असे नाही. उलट थोडे कमीच पिण्याची शक्यता असते. मान्य. पण गावातला रस्ता मोकळा कधी असतो? तेथे दर शे-दोनशे मीटरवर वेग घ्यायचा आणि पुन्हा मारायचा. घेतलेला वेग जितका मोठा, तितकी फेकून दिलेली ऊर्जा मोठी. विजेवरच्या मोटारी ब्रेक लावताना यातली काही ऊर्जा बॅटरीत परत घेतात, ही चांगली सोय आहे. त्या धूरही सोडत नाहीत. मात्र ताशी ५० ने आल्या तर थांबायला त्यांनाही तेच २७.७ मीटर लागतात, आणि बॅटरीमुळे त्या अंमळ जडच असतात.

आता सायकल घ्या. १५ किलोची सायकल, ६० किलोचा माणूस, वेग ताशी १५. गतिज ऊर्जा फक्त ६५० ज्यूल! मोटारीच्या सुमारे दीडशेव्या हिश्शाइतकी. सपाट रस्त्यावर हा वेग टिकवायला पायांना ५० वॅटच्या आसपास शक्ती लागते, आणि आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा भाग कामाला लावतात, असे धरून हिशेब केला तर एका मध्यम भाकरीवर सायकल दहा किलोमीटर जाते. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीला तेवढ्याच अंतरासाठी याच्या चाळीसपटींहून जास्त ऊर्जा लागते.

हे सारे फळ्यावर मांडून झाले तेव्हा त्या मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "सर, पण मग त्यांना तिथे पन्नासने येता आलेच कसे?"

खरे सांगतो, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते. वेगमर्यादेची पाटी तेथे होती. पण पाटीमागचा रस्ता मैदानासारखा रुंद, सरळसोट आणि कडेला पदपथ नसलेला. अशा रस्त्यावर चालकाला ताशी ५० हा वेग वेग वाटतच नाही. उलट झाडांच्या रांगेतल्या, थोड्या अरुंद, वळणावळणाच्या गल्लीत तोच माणूस आपोआप पाय सैल सोडतो. म्हणजे वेग चालक ठरवतो तसा रस्ता बांधणाराही ठरवतो.

यातले एक साधन तुमच्या रोजच्या ओळखीचे आहे, गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत त्याचे माप दिलेले आहे. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, आणि वरचा आकार १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस. हे तीन आकडे एकमेकांशी जुळतात का, ते तुम्हीच पाहा. रुंदी ही वर्तुळाची जीवा. केंद्रातून काढलेला लंब तिला दुभागतो, म्हणून अर्धी जीवा १.८५ मीटर. पायथागोरस लावा. त्रिज्येचा वर्ग = (त्रिज्या − ०.१) चा वर्ग + १.८५ चा वर्ग. त्रिज्या १७.२ मीटर येते. भूमितीचे प्रमेय डांबरात उतरलेले असे क्वचितच सापडते!

हा कंस ताशी २५ किलोमीटर वेगासाठी बेतलेला आहे. त्या वेगाने माथ्यावरून जाताना गाडीला वर्तुळाकार मार्गावर राहण्यासाठी लागणारे त्वरण, वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, २.८ इतके येते, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. बसणाऱ्याला क्षणभर हलके वाटते, एवढेच. वेग ताशी ४६ च्या वर गेला की हे त्वरण गुरुत्व त्वरणाइतके होते. गाडीला स्प्रिंगा नसत्या तर चाकांनी जमीनच सोडली असती! स्प्रिंगांमुळे प्रत्यक्षात थोडे वेगळे घडते, पण चालकाला धडा मिळायचा तो मिळतो. नियमाने जाणाऱ्याला त्रास नाही आणि घाई करणाऱ्याला दणका, अशी ही योजना.

मग आम्ही दोरी आणि पट्टी घेऊन महाविद्यालयापासून दोनशे मीटरवरचा गतिरोधक मोजायला गेलो. रुंदी भरली ६० सेंटिमीटर, उंची १२. गणित केले तर त्रिज्या अर्ध्या मीटरहूनही कमी! एवढ्या लहान कंसासाठी चाकाची त्रिज्याही हिशेबात मिळवावी लागते. ती मिळवूनही सुखाने ओलांडण्याचा वेग आला ताशी ५ किलोमीटर, म्हणजे पायी चालण्याचा. तो गतिरोधक नव्हता, डांबराचा बांध होता. त्याच्यापाशी प्रत्येक गाडी जवळजवळ थांबते, मग चालक चिडून पाय दाबतो आणि दोनशे मीटरवर, बरोबर आमच्या फाटकासमोर, पूर्ण वेगात असतो. पेट्रोलही जळते आणि माणूसही वाचत नाही. रुग्णवाहिकेतल्या रोग्याचे आणि दुचाकीच्या मागच्या बैठकीवर बसलेल्या आजीचे काय होते, ते वेगळे सांगायला नको.

चौकाच्या कोपऱ्यालाही हाच नियम लागू आहे. वळताना आडवे त्वरण ३ च्या पुढे गेले की चालकाला बसणे अवघड वाटते. गाडीच्या वळणाची त्रिज्या २४ मीटर असेल तर तो ताशी ३० ने वळतो. ६ मीटर केली तर ताशी १५ ने. कोपरा असा काटकोनी ठेवला की पायी जाणाऱ्याला ओलांडायचे अंतरही घटते. पदपथाच्याच उंचीवरून ओलांडणीचा पट्टा नेला, तर तो पट्टाच गतिरोधकाचे काम करतो. मग पाय खाली उतरत नाहीत, गाडीच वर चढते.

या साऱ्या गोष्टींचा कस प्रथम लागला तो हॉलंडमध्ये. आज तो सायकलींचा देश म्हणून ठाऊक आहे; पण नेहमीच तसा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले. १९७१ मध्ये एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. लोक खवळले. 'मुलांची हत्या थांबवा' याच नावाची चळवळ उभी राहिली. मुलाबाळांसह माणसे रस्त्यावर बसली. त्यातच १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली. पेट्रोल वाचवण्यासाठी ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवारी मोटारींना बंदी झाली आणि मोठमोठ्या हमरस्त्यांवर मुले चाकांचे बूट घालून खेळू लागली. तेल वाचवणे आणि मूल वाचवणे ही कामे वेगळी नाहीत, हे त्या रविवारी लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

डेल्फ्ट या गावात त्याआधीच एक प्रयोग सुरू झाला होता. वस्तीतल्या रस्त्यांवर रहिवाशांनी आणि नगररचनाकारांनी झाडे लावली, बाके ठेवली, पदपथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणला आणि गाडीची वाट मुद्दाम वाकडी केली. अशा रस्त्याला तेथे 'वोनएर्फ' म्हणतात. मराठीत सांगायचे तर 'राहते अंगण'. गाड्या येऊ शकतात, पण माणसाच्या चालीने. १९७६ मध्ये तेथल्या कायद्याने या अंगणांना मान्यता दिली. आता त्या देशात वर्षाला रस्त्यांवर मरणाऱ्यांची संख्या सातशेच्या आसपास आहे, आणि मोटारी १९७१ पेक्षा कितीतरी जास्त आहेत. सगळे श्रेय रस्त्यांना देता येणार नाही. गाडीतले पट्टे, सुधारलेली वैद्यकीय मदत यांचाही त्यात वाटा आहे.

आपल्याकडे असे काही होतच नाही, असे मात्र म्हणू नका. सायकलींचे शहर म्हणून एके काळी नावाजलेल्या पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ २०१६-१७ च्या सुमारास रुंद केले गेले. तेथे म्हातारी माणसे आणि लहान मुले निवांत चालताना मी पाहिली आहेत. लक्ष्मी रस्ता ११ डिसेंबर २०२१ रोजी दिवसभर फक्त पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला होता. अर्थात शहरातले दोन रस्ते म्हणजे सारे शहर नव्हे, हे पुणेकर मला सांगतीलच.

तुमच्या शाळेसमोरचा रस्ता कसा आहे ते तुम्हीच मोजा. शिक्षकांना बरोबर घ्या आणि कुंपणाच्या आत उभे राहूनच हे करा. रस्त्याकडेच्या दोन खुणा, विजेचे खांब किंवा झाडे, एकमेकांपासून ५० मीटरवर पाहून ठेवा. गाडी पहिल्या खुणेपाशी आली की सेकंद मोजायला लागा, दुसरीपाशी थांबा. १८० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. (१८० च का, ते शोधून काढा.) सहा सेकंद लागले तर ताशी ३०, ३.६ सेकंद लागले तर ताशी ५०. निदान पन्नास गाड्या मोजा. शाळा भरताना वेगळ्या आणि भर दुपारी वेगळ्या. मग गतिरोधकाची रुंदी आणि उंची मोजून त्रिज्या काढा. हे काम रहदारी नसताना आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच करायचे. आकड्यांचा तक्ता करून मुख्याध्यापकांच्या सहीने नगरपालिकेला द्या. आम्ही आमचा दिला आहे. उत्तराची वाट पाहतो आहोत.

मोजणीच्या दिवशी सेकंदाचे घड्याळ कोणी धरायचे यावरून आमच्या वर्गात नेहमी भांडण होते. या वेळी झाले नाही. कुबडी भिंतीला टेकवून ती मुलगी फाटकाजवळच्या कठड्यावर बसली आणि घड्याळ मुलांनी आपणहून तिच्या हातात दिले.